रंगाचा डबा बाजूला ठेवा, धुरपेटीचं दार उघडा : माथेरानच्या इंजिनाबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
मा. महाव्यवस्थापक,
मध्य रेल्वे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, मुंबई

विषय : नेरळ-माथेरान मार्गावरच्या जुन्या वाफेच्या इंजिनाची आतून तपासणी व्हावी, याबाबत

महोदय,

स. न. वि. वि.

मी रेल्वेचा माणूस नाही. सहकारी साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमध्ये आयुष्य गेलं. बॉयलर अटेंडंट म्हणून चिकटलो आणि त्याच खात्यातून निवृत्त झालो. तरी आपल्याला लिहायला बसलोय, कारण ज्या वस्तूबद्दल लिहायचं आहे ती शेवटी एक बॉयलरच आहे. फक्त तिला चाकं आहेत.

नेरळ स्टेशनात उतरलं की एका अंगाला पाच फूट सहा इंची ब्रॉडगेज आणि दुसऱ्या अंगाला दोन फुटी रूळ. मोठ्या गाडीतून उतरलेलं पोर त्या रुळांकडे पाहून हमखास विचारतं, "ही खरी गाडी आहे?" मीही विचारलं होतं. माझे मामा तेव्हा नेरळच्या शेडमध्ये आगवाले होते. कागदोपत्री फायरमन, पण शेडमध्ये शब्द आगवालाच. त्यांनी उत्तर दिलं नाही. उचलून फूटप्लेटवर, म्हणजे इंजिनात ड्रायव्हर उभा राहतो त्या जागी, ठेवलं आणि भट्टीचं दार एकदा उघडून बंद केलं. त्या धगीनं भुवया आवळल्या गेल्या, ते अजून आठवतं. गाडी खरी असल्याबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही.

आपल्याला इतिहास सांगणं म्हणजे आपल्याच घरचं आपल्याला दाखवणं, पण हे पत्र इतरही वाचतील म्हणून थोडक्यात. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबानं सोळा लाख रुपये घालून हा मार्ग बांधला. त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यानं हे काम अंगावर घेतलं. १९०४ मध्ये काम सुरू झालं, १९०७ मध्ये गाडी वर पोचली. जेमतेम एकवीस किलोमीटरचा रस्ता, पण कुठे कुठे वीस फुटांना एक फूट चढ, आणि वळणं अशी की पुढच्या डब्यातल्यानं मागच्या डब्यातल्याला तंबाखू विचारावी. या मार्गासाठी बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीकडून चार इंजिनं आली. त्यांचे क्रमांक पुढे ७३८ ते ७४१ असे लागले. १९५० च्या दशकात जर्मनीहूनच यूंग कंपनीची डिझेल इंजिनं आली, तरी वाफेची इंजिनं आणखी पाव शतक त्यांच्या जोडीनं राबली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला थंड झाली. चारांपैकी एक आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक इंग्लंडात आहे. त्याच्याबद्दल पुढे येईनच. बाकीची आपल्याकडे आहेत. माझं पत्र त्यांच्यासाठी.

या इंजिनांची एक गंमत बहुतेकांना ठाऊक नसते, कारण ती बाहेरून दिसत नाही. इंजिनाला सहा चाकं, म्हणजे तीन आस. सहा चाकं एका ताठ चौकटीत बसवली की इंजिन सरळ रुळावर छान चालतं आणि माथेरानच्या वळणावर अडकतं किंवा रुळावरून उतरतं. यावर सॅक्सनीच्या रेल्वेतल्या क्लीन आणि लिंडनर या दोन इंजिनिअरांनी तोड काढली होती. पहिला आणि शेवटचा आस दुहेरी. आतला भरीव आस चौकटीत घट्ट, दांड्यांच्या जोरावर फिरणारा. त्याच्यावर एक पोकळ नळीसारखा आस घातलेला, आणि चाकं या बाहेरच्या नळीवर. दोघांच्या मधोमध गोलाकार सांधा, आपल्या खुब्याच्या सांध्यासारखा. त्यामुळे आतला आस ढिम्म न हलता ताकद देत राहतो आणि बाहेरचा चाकांसकट वळणाप्रमाणे तिरपा होतो, थोडा बाजूलाही सरकतो. मामांना क्लीन कोण नि लिंडनर कोण माहीत नव्हतं. ते म्हणायचे, "तिचं कंबरडं ढिलं आहे, म्हणून ती चढते." तिचं म्हणजे इंजिनाचं. शेडमध्ये इंजिन स्त्रीलिंगी.

हे इतकं सविस्तर सांगण्याला कारण आहे. पुढे दार्जिलिंगच्या मार्गावरचं बी-वर्गाचं ७९४ क्रमांकाचं इंजिन नेरळला आणलं गेलं, हे आपण जाणताच. चार चाकांचं, गुणी इंजिन. पण ते त्या डोंगराचं. या डोंगरासाठी खास कंबरडं ढिलं ठेवून घडवलेली इंजिनं इथेच उभी आहेत, आणि आपण पाहुणे बोलावतो. अलीकडे तर एका डिझेल इंजिनाला वाफेच्या इंजिनाचा पेहराव चढवला. पोरांना आवडतं, फोटो छान येतात, माझी नातही त्याच्यापुढे उभी राहिली. तिला मी काही बोललो नाही. आपल्याशी मात्र बोलतो. लग्नात भाड्याचा फेटा बांधायला हरकत नाही, पण घरात आजोबा बसलेले असताना दुसऱ्याच कुणाला आजोबांचा अंगरखा घालून मिरवणं मला जमलं नसतं.

आता मुद्द्यावर येतो.

चौथऱ्यावर उभ्या केलेल्या इंजिनाची देखभाल म्हणजे काय, तर रंग. २६ जानेवारी आली, रंग. कुणी मोठे येणार, रंग. काळा, लाल, पितळेच्या जागी सोनेरी. हे फक्त आपल्याकडचं नाही. देशभर शाळा, बागा, स्टेशनं, कुठेही चौथऱ्यावरची इंजिनं पाहा, हेच दिसेल. रंग वाईट नव्हे. पण लोखंड बाहेरून जेवढं गंजतं, त्याच्या कितीतरी पट आतून गंजतं. धुराड्यातून पावसाचं पाणी धुरपेटीत, म्हणजे धुराड्याखालच्या पेटीत, येतं, तिथे जुनी राख पडलेली असते. दगडी कोळशाच्या राखेत गंधक असतं. ओल लागली की त्याचं आम्ल होतं, आणि ते तळाचा पत्रा वाळवीसारखं खातं. बॉयलरवर जे वेष्टन असतं, ज्याला आम्ही लॅगिंग म्हणतो, त्यात शिरलेली ओल वाळत नाही. बाजूच्या पाण्याच्या टाक्यांचे तळ आणि कोपरे तर पहिले जातात. हे सगळं चकचकीत रंगाच्या आड चालू राहतं, आणि जितका रंग जाड तितकं कळायला उशीर.

आपल्या इंजिनांचं असंच झालं आहे, असा आरोप मी करत नाही. मी आत डोकावलेलं नाही, आणि म्हणूनच तर हे पत्र. पण मी काय पाहिलंय ते सांगतो. मी ज्या कारखान्यात होतो, तिथे एक जुना, छोटा बॉयलर राखीव म्हणून ठेवलेला होता. दरवर्षी बंद हंगामात त्याला चंदेरी रंग. पाहुण्यांना तोच दाखवायचे, इतका देखणा. एका वर्षी तो चालवायची वेळ आली. मी हातोडी घेऊन खाली वाकलो. बॉयलरवाल्याची हातोडी छोटी असते, सोनाराच्या हातोडीची थोरली बहीण म्हणा ना. चांगल्या पत्र्यावर मारली की टणकन वाजते आणि हाताला उसळी देते. तळाशी मारली तर आवाज आला ओल्या मडक्याचा. दुसऱ्यांदा, जरा जोरानं मारली, आणि हातोडीचं टोक आत गेलं. बाहेर काढलं तर भोकातून तांबडी, भिजलेल्या विटेसारखी भुकटी पडली. रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत होता, भोकाभोवती पातळ पापडासारखा. त्या बॉयलरमध्ये त्या हंगामात आम्ही वाफ धरली असती तर आज हे पत्र लिहायला मी नसतो.

तेव्हा माझी मागणी 'इंजिन चालू करा' ही नाही. ती फार मोठी आहे आणि आज तिला हो किंवा नाही म्हणण्याइतकी माहिती कुणाकडेच नाही. मागणी इतकीच की एक इंजिन निवडा आणि त्याला आतून पाहा.

म्हणजे काय करायचं ते आपल्या कारखान्यातल्या जुन्या माणसांना मी सांगायला नको. तरी लिहितो. लॅगिंग उतरवा, पण मोकळ्या हातांनी नव्हे. त्या काळच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तेव्हा आधी त्याचा नमुना तपासून घ्यायचा. मग भट्टीचा धूर ज्यांतून जातो त्या बॉयलरमधल्या नळ्या बाहेर काढायच्या. नळ्या काढल्याशिवाय बॉयलरचं पोट दिसत नाही. पत्र्याची जाडी अल्ट्रासॉनिक यंत्रानं हातभर अंतरावर मोजत जायची आणि आकडे पत्र्यावरच खडूनं लिहायचे. भट्टीच्या भिंती ज्या शेकडो आडव्या खिळ्यांनी, म्हणजे स्टेंनी, बाहेरच्या कवचाला बांधलेल्या असतात, त्या एकेक वाजवायच्या. तुटलेली स्टे आवाजानं सांगते. आसांना भेगा आहेत का ते पाहायचं, आणि इथे त्या दुहेरी आसाचा गोल सांधा उघडावा लागेल. तो किती झिजलाय यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. एवढं झाल्यावर सगळं धडधाकट निघालं तर पाण्याच्या दाबाची चाचणी, चालवायच्या दाबाच्या दीडपटीनं. थंड पाण्यानं. थंड पाणी फुटलं तर ओलं करतं, वाफ फुटली तर माणूस राहत नाही.

आणि बॉयलर गेलेलाच निघाला तर? तर जगभर जे करतात ते. जुना बॉयलर जपून काढून ठेवायचा, त्याच मापाचा नवा, वेल्डिंगचा बॉयलर बांधायचा. बॉयलर हा इंजिनाचा झिजणारा अवयव आहे. त्या काळातही तो बदलला जायचाच. दहा-वीस वर्षांनी फुप्फुस बदललं म्हणून इंजिन नकली होत नाही.

आपल्या रेल्वेला हे जमत नाही असं तर कुणी म्हणूच नये. तमिळनाडूत गोल्डन रॉकच्या कारखान्यानं निलगिरीच्या डोंगरासाठी दातेरी रुळावर चालणारी वाफेची इंजिनं या शतकात नव्यानं बांधली. दुरुस्त केली नाहीत, कोऱ्या पत्र्यापासून बांधली. १८५५ चं फेअरी क्वीन हे इंजिन १९९७ मध्ये पुन्हा दिल्ली-अलवर धावलं. आणि एक उदाहरण तर अगदी आपल्या सोयरिकीतलं. पतियाळा संस्थानच्या एकरुळी गाडीचं इंजिन याच ओरेनस्टाइन अँड कॉपेलनं बांधलेलं. संस्थानची गाडी बंद पडल्यावर ते कित्येक वर्षं एका यार्डात पडून होतं. माइक सॅटो या रेल्वेवेड्या इंग्रज गृहस्थांना ते सापडलं, उत्तर रेल्वेच्या अमृतसर कारखान्यानं ते चालतं केलं, आणि दिल्लीच्या संग्रहालयात ते वाफेवर धावलेलं लोकांनी पाहिलंय. बर्लिनच्या त्याच घराण्यातली भावंडं ही. एकाला अमृतसरनं उठवलं. आपल्या हाताशी परळचा रेल्वे कारखाना आहे, आणि बार्शी लाइट रेल्वेच्या काळापासून छोट्या गाड्यांशी घरोबा असलेलं कुर्डुवाडी आहे.

आता इंग्लंडातल्या ७४० बद्दल. बेडफर्डशरमध्ये लेटन बझर्ड म्हणून गाव आहे. तिथे वाळू वाहण्यासाठी १९१९ मध्ये घातलेली दोन फुटी लाइन आता स्वयंसेवक चालवतात. आपलं ७४० त्यांच्या ताफ्यात आहे, आणि त्याचं नाव त्यांनी ठेवलंय 'माथेरान'. भारतातून गेलेलं ते एकटंच नाही. कोलकात्याच्या पाणीपुरवठ्याच्या पंपिंग स्टेशनावर राबलेलं 'रिश्रा' नावाचं चिमुकलं इंजिनही त्यांच्याकडेच आहे. ते नेणारेही हेच सॅटो. तेव्हा इंजिन परत मागा, असं मी म्हणणार नाही. कुणी म्हणेल, कोहिनूरच्या यादीत घाला. मला त्या भांडणात रस नाही. मला मापं हवी आहेत. शंभर वर्षं झिजलेल्या एका सांध्यावरून मूळ माप कळत नाही. दोन-तीन ठिकाणचे सांधे मोजले तर अंदाज बांधता येतो. दिल्लीचं मोजा, आपल्याकडची मोजा, आणि लेटन बझर्डच्या मंडळींना एक पत्र पाठवून त्यांच्याकडचं मोजून मागा. ही मंडळी रविवारी सकाळी हौसेनं हात काळे करणारी. आपल्या लेटरहेडवरचं पत्र त्यांना मिळालं तर ती नाचतील.

धुराचं काय, असं माथेरानकर विचारतील आणि त्यांनी विचारायलाच हवं. गावात मोटारीला बंदी आहे. २००३ पासून हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर आहे. उन्हाळ्यात वाळलेल्या पाचोळ्यावर इंजिनाची एक ठिणगी पडली तर काय होईल ते मलाही दिसतं. म्हणून रोज नको, उन्हाळ्यात नको, आणि नेरळपासून वरपर्यंत तर नकोच. अमन लॉज ते माथेरान हा शेवटचा, तीन किलोमीटरच्या आतला तुकडा आहे, जिथे शटल चालते. पावसाळ्यानंतर ऑक्टोबरात खालचा मार्ग पुन्हा सुरू होतो, तेव्हा जंगल अजून ओलं असतं. वर्षातले ते चार-सहा दिवस. धुराड्याला ठिणगीची जाळी लावायची. तेवढ्यानंही धाकधूक वाटत असेल तर कोळशाऐवजी तेलाचा बर्नर. मला स्वतःला कोळसा आवडेल, पण माझ्या आवडीपेक्षा जंगल मोठं आहे.

दिवस मी उगाच ऑक्टोबरातले निवडले नाहीत. आमच्या साखर कारखान्यांत दसऱ्याच्या सुमारास बॉयलरचं अग्निप्रदीपन होतं. जोडप्याच्या हस्ते पूजा, नारळ, मग भट्टीत पहिली आग. पेपरात रकानेच्या रकाने भरतात त्या बातम्यांनी. एका वर्षी त्या रकान्यांत माथेरानच्या इंजिनाचं अग्निप्रदीपन आलं तर मी ते कात्रण देव्हाऱ्यात ठेवीन.

उरली माणसं. वाफेचं इंजिन चालवणारे आता कुठे मिळणार, असं परस्पर ठरवून टाकू नका. डोंगरातली गाडी हाकायची कला वेगळी, ती रेल्वेच्या ड्रायव्हरांनीच शिकावी. पण वाफ करणं, पाणी राखणं, बॉयलरमध्ये पाणी ढकलणारा इंजेक्टर धरला नाही तर काय करायचं हे जाणणारी हजारो माणसं या राज्यात दर हंगामात ड्युटीवर असतात. फक्त आमची भट्टी जागची हलत नाही. इंजिनाची हलते, आणि त्यातला धोका मामांनी मला एका वाक्यात सांगितला होता : "चढावर काचेतलं पाणी खोटं बोलतं." बॉयलरला बाहेरून काचेची नळी असते. तीत जेवढं पाणी दिसेल तेवढं आत. सपाटीवर हे खरं. पण वीसाला एकच्या चढावर धुराडं पुढे असेल तर पाणी मागे, भट्टीकडे सरतं आणि काच भरलेली दिसते. मग सपाटी आली किंवा उतार लागला की तेच पाणी पुढे पळतं, आणि भट्टीचं छत उघडं पडू शकतं. उघडं पडलं की लाल होतं, आणि मग शिशाचा बूच वितळून भट्टीत वाफ सोडतो. तोही वेळेवर वितळला तर. मामांना कुठल्या वळणावर काच किती खोटं बोलते हे पाठ होतं. जुम्मापट्टी सोडल्यावर इतकं, वॉटर पाइप स्टेशनला पाणी भरायच्या आधी इतकं, बोगद्याच्या अलीकडे इतकं. बोटानं काचेवर खूण दाखवायचे, एवढंच. ते कुठे लिहून ठेवलेलं नाही. मामा गेले. त्यांच्याबरोबरचे ब्रेकवाले, जे शिट्टीच्या खुणेवर डब्याडब्यांत हातानं ब्रेकचं चाक फिरवायचे, त्यांतले कुणी नेरळच्या आसपास असतील तर ऐंशीच्या घरात असतील. इंजिनाचा पत्रा आणखी दोन वर्षं थांबेल कदाचित. ही माणसं थांबतीलच असं नाही. तेव्हा तपासणीचा आदेश निघायला वेळ लागणार असेल, तर निदान कुणाला तरी रेकॉर्डर देऊन त्यांच्या घरी आधी पाठवा. त्याला निविदा लागत नाही.

तपासणीचा जो काही निष्कर्ष निघेल तो लोकांपुढे ठेवा, एवढी एक विनंती आणखी. 'चालण्याजोगं नाही' असा निघाला तरी चालेल. मी ते मुकाट्यानं मान्य करीन. आकड्यांपुढे बॉयलरवाला हुज्जत घालत नाही. मग रंग द्या हवा तेवढा, पण त्याआधी धुराड्यावर झाकण बसवा, धुरपेटीतली राख काढा, वर पत्र्याचं छप्पर घाला. तेवढं तर उद्याही करता येईल.

धुरपेटीचं दार उघडायचा दिवस ठरला की कळवावं. मी पुण्याहून सकाळच्या गाडीनं येईन. हातोडी, बॅटरी आणि खडू माझे मी आणीन. खाली वाकायला आता त्रास होतो, तेव्हा एक पोतं मात्र अंथरायला ठेवावं.

आपला,
एक निवृत्त बॉयलर अटेंडंट
(नेरळच्या एका आगवाल्याचा भाचा)